सोलापुरात विद्यार्थ्यांचा शहरशोध कसा आखायचा: किल्ल्यापासून इंद्रभुवनापर्यंत

सोलापुरातली मुलं सिद्धेश्वरांच्या यात्रेला जातात, पार्क चौकातून रोज शाळेला जातात, किल्ल्याच्या बागेत खेळतात. एवढं असूनही तलाव आधीचा की किल्ला आधीचा, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प होतात. आठवी-नववीच्या वर्गाला शहराचा इतिहास शिकवायला ट्रेझर हंटसारखं साधन नाही. अट एकच: प्रश्नाचं उत्तर त्या जागी उभं राहिल्याशिवाय मिळता कामा नये. घरी बसून मोबाइलवर जे सापडतं त्यासाठी मुलांना उन्हात फिरवायचं कारण नाही. सगळी आखणी या अटीवर उभी करा. एवढं जमलं की पुढचं बरंचसं आपोआप मार्गी लागतं.

दिवस आणि वेळ

दिवाळीची सुट्टी संपल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा रविवार उत्तम. डिसेंबरअखेरीपासून होम मैदानावर गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या जत्रेची, तयारी सुरू होते. पाळणे, दुकानं उभी राहतात आणि संक्रांतीच्या आसपास त्या भागात पाऊल ठेवायला जागा नसते. मार्चनंतरचं ऊन मुलांना सोसवणारं नसतं, मे महिन्याचा तर विचारही नको. सोमवार, अमावस्या आणि श्रावण महिना टाळा. मंदिरात दर्शनाची रांग असताना वही-पेन्सिल घेतलेला घोळका भाविकांना अडचणीचा होतो, आणि मुलांचंही लक्ष लागत नाही.

रविवारी महापालिका बंद असते, त्यामुळे इंद्रभुवन, म्हणजे महापालिकेची जुनी इमारत, बाहेरूनच पाहायला मिळेल. तरी रविवारच निवडा. पार्क चौकातली वाहनांची गर्दी कमी असते आणि ३६ मुलांना रस्ता ओलांडायला लावताना त्याचं मोल कळतं. इंद्रभुवनाचे प्रश्न दर्शनी भागावरच काढा म्हणजे अडत नाही.

सहा ठिकाणं, सहा गट

पायी होण्यासारखी फेरी अशी: (१) भुईकोट किल्ल्याचा दरवाजा आणि तट, (२) किल्ल्याचा आतला भाग, (३) सिद्धेश्वर मंदिर आणि तलाव, (४) सम्मती कट्टा आणि होम मैदान, (५) चार हुतात्म्यांचे पुतळे, (६) इंद्रभुवन. सहा जणांचे सहा गट करा. प्रत्येक गट वेगळ्या ठिकाणाहून सुरुवात करतो आणि सगळे एकाच दिशेने पुढे सरकतात. पहिला गट १-२-३-४-५-६, दुसरा २-३-४-५-६-१, असा तक्ता करून प्रत्येक गटाच्या फाइलवर चिकटवा.

सगळ्या गटांना एकाच ठिकाणाहून सोडलं तर पहिल्या कोड्यापाशीच ३६ मुलं जमतात. जो गट आधी उत्तर शोधतो त्याचंच उत्तर बाकीचे पाच गट उतरवतात. तक्ता केला तर एका ठिकाणी एका वेळी एकच गट असतो.

प्रत्येक ठिकाणी २० मिनिटं आणि चालण्याला १५ मिनिटं धरा. किल्ल्याच्या दरवाज्यातून आत जायला दोन मिनिटंही लागत नाहीत, उलट इंद्रभुवनाहून किल्ल्याकडे परतायला बराच वेळ जातो. तरीही सगळ्यांना सारखीच १५ मिनिटं ठेवा, नाहीतर तक्ता कोलमडतो. लवकर पोचलेल्या गटाने पाणी प्यावं, बसावं. सात वाजता किल्ल्यापाशी जमून साडेसातपर्यंत सगळे गट आपापल्या पहिल्या ठिकाणी पोचवले, तर पावणेअकराला खेळ संपतो. किल्ल्याचं प्रवेशद्वार सकाळी किती वाजता उघडतं हे आदल्या आठवड्यात जाऊन विचारा आणि वेळापत्रक त्यावर बेता.

प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस असायलाच हवं: शिक्षक, पालक किंवा महाविद्यालयातला विद्यार्थी. त्याचं काम रस्ता सांभाळण्याचं, उत्तर सुचवण्याचं नव्हे. हे पालकांना आधी स्पष्ट सांगा. आपल्या मुलाचा गट मागे पडतोय असं दिसलं की भल्याभल्यांना राहवत नाही. म्हणून पालकाला त्याच्या मुलाचा गट देऊच नका.

गट पाडताना वर्गातली मैत्री बाजूला ठेवा आणि भाषा बघा. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, उर्दू घरोघरी बोलली जाते. प्रत्येक गटात कन्नड किंवा तेलुगू वाचू शकणारं निदान एक मूल असेल असं पाहा आणि दोन-तीन कोड्यांतली एखादी ओळ त्या लिपीत लिहा. वर्गात एरवी मागे बसणारी मुलगी अचानक गटाची पुढारी होते, हा या खेळाचा मोठा फायदा आहे.

परवानग्या

किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. तिथल्या कार्यालयात शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या, त्यात मुलांची संख्या आणि वेळ लिहा. १५ वर्षांखालच्या मुलांना अशा स्मारकांत तिकीट नसतं, पण वयाचा पुरावा मागितला जाऊ शकतो. शाळेची ओळखपत्रं गळ्यात असू द्या. मंदिर समितीला वेगळं पत्र द्या आणि फोटो कुठे काढायचे नाहीत ते विचारून घ्या. पालकांची लेखी संमती घ्या, त्यात मुलाचा आजार आणि चालू औषधं यांची ओळ असावी.

कोड्याची चिठ्ठी तटावर चिकटवणं, दगडांच्या फटीत खोचणं, खडूने बाण काढणं, कोरीव कामावर कागद ठेवून पेन्सिल घासणं यातलं काहीही करायचं नाही. संरक्षित स्मारकाला इजा करणं हा कायद्याने गुन्हा आहे. शिवाय फटीत खोचलेली चिठ्ठी हमखास कोणीतरी उचलून नेतं. पाकिटं प्रत्येक ठिकाणच्या स्वयंसेवकाच्या हातात ठेवा.

प्रश्न कसे काढायचे

आधी एक नकोसा नमुना: "सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी कधी झाली?" १२ जानेवारी १९३१, येरवडा. मोबाइलवर दोन सेकंदांत मिळतं आणि दोन दिवसांत विसरतं. ही माहिती कोड्यातच देऊन टाका आणि पुतळ्यांपाशी काहीतरी करायला लावा. उदाहरणार्थ: "मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. या चौघांचे पुतळे कोणत्या क्रमाने उभे आहेत? प्रत्येकाच्या पेहरावातला एक फरक लिहा. डोक्यावर काय आहे, अंगात काय आहे, यावरून हे चौघे समाजाच्या कोणकोणत्या थरांतून आले असतील?" शेवटच्या प्रश्नासाठी मुलांना पुतळ्याकडे पाच मिनिटं टक लावून बघावंच लागतं.

या ठिकाणी थोडी पार्श्वभूमी पाकिटात घाला. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटून उठलं, काही दिवस इंग्रजांचा अंमल शहरात उरला नाही आणि मग मार्शल लॉ लागला. दहा ओळी पुरेत. मुलं रस्त्याच्या कडेला उभी राहून पानभर मजकूर वाचत नाहीत.

किल्ल्यासाठी कोडं थोडं लयीत लिहा, मुलांना आवडतं:

आहेराच्या ताटात सोनं नव्हे, दगडी तट वाढला,
नगरची लेक विजापूरला निघाली, मी तिच्या पदरात पडलो.
एका अंगाला पाणी माझ्या, बाकी अंगांना खंदक,
दारात माझ्या उभे राहा, सांगा वाट सरळ की वाकडी?

अहमदनगरच्या निजामशहाने मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून दिला, हा संदर्भ. पण गुण चांदबीबीचं नाव ओळखण्याला नाहीत, शेवटच्या ओळीला आहेत. मुलांनी दरवाज्यातून आत जाणाऱ्या वाटेचा नकाशा काढायचा, वळणं दाखवायची आणि हत्ती धावत आला तर कुठे अडेल ते फुलीने दाखवायचं.

आत गेल्यावर 'बत्तीस खांबी' नावाने ओळखली जाणारी वास्तू आहे. नाव सांगून टाका आणि खांब मोजायला लावा. भिंतीत अर्धवट गुंतलेला खांब धरायचा की नाही, यावर गटात भांडण होईल. होऊ द्या. उत्तरात "आम्ही कोणते खांब धरले" हे वाक्य सक्तीचं करा आणि गुण त्या वाक्याला द्या. तसंच तटाच्या बांधकामात जुन्या देवळांचे कोरीव दगड वापरलेले आहेत. "आडवा किंवा उलटा बसवलेला एक कोरीव दगड शोधा, त्याचं चित्र काढा, तो जमिनीपासून किती उंच आहे ते लिहा." चित्राला १० मिनिटं राखून ठेवा. फोटो चालणार नाही. चित्र काढताना दगडावरची फुलं, पाकळ्या, तुटलेली कड दिसते. फोटो काढला की मूल पुढे निघून जातं.

आता सगळ्या खेळाचा कणा असलेला प्रश्न. तो तिसऱ्या ठिकाणी, मंदिराच्या बाजूने तलावापाशी द्या: "पाण्यापलीकडे किल्ला दिसतो. तलाव आधी की किल्ला आधी? इथे दिसणाऱ्या किमान दोन गोष्टींवरून सांगा." परंपरेनुसार तलाव बाराव्या शतकातल्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी खोदवला, किल्ला बहमनी काळातला, म्हणजे त्यानंतरचा. किल्ला बांधणाऱ्याने तयार पाणी एका बाजूला घेतलं आणि तेवढ्या बाजूचं संरक्षण त्याला आयतं मिळालं. हे तर्काने जमवणारा गट पूर्ण गुणांचा. उलटं उत्तर देऊनही चांगलं कारण देणाऱ्या गटाला निम्मे गुण द्या. मंदिरात आणखी एक काम: कन्नड लिपीतली एक ओळ शोधून अक्षरन् अक्षर उतरवणे. सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडात आहेत आणि त्यांच्या शेवटी 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही मुद्रा येते. गटातल्या कन्नड वाचणाऱ्या मुलाने ती ओळ बाकीच्यांना वाचून दाखवायची.

सम्मती कट्टा रिकाम्या दिवशी मुलांना साधा चौथरा वाटतो. म्हणून इथलं काम माणसांकडून उत्तर मिळवण्याचं ठेवा. "इथे यात्रेत अक्षता सोहळा होतो. सात नंदीध्वज (यात्रेत मिरवतात त्या उंच काठ्या) कोणत्या बाजूने येतात आणि कुठे उभे राहतात, हे पन्नाशीच्या पुढच्या दोन माणसांना विचारा. दोघांच्या सांगण्यात काय फरक आहे ते लिहा." नंदीध्वज पेललेल्या एखाद्या माणसाची गाठ पडली तर मुलांची २० मिनिटं अपुरी पडतील. स्वयंसेवकाने घड्याळ बघायचं. आजोबांना मध्येच तोडायचं नाही, मुलांनी नमस्कार करून निघायचं.

इंद्रभुवन ही अप्पासाहेब वारद यांनी बांधलेली हवेली; महापालिकेचं कार्यालय तिथे नंतर आलं. सोलापूरला नगरपालिका १८५२ पासून आणि महापालिका १९६४ पासून आहे, हे पाकिटात लिहा. प्रश्न दर्शनी भागावर: "रस्त्याकडच्या बाजूला, तळमजल्यावर, पूर्ण दिसणाऱ्या कमानी किती?" यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. नुसतं "कमानी किती" विचारलं तर सहा गटांची सहा उत्तरं येतात आणि सगळी बरोबर असतात. शिवाय एखादं शिल्प किंवा नक्षी अर्धी छापून द्या आणि उरलेली समोर बघून पूर्ण करायला लावा.

मोजायच्या वस्तू दगडाच्या, लोखंडाच्या, जागच्या न हलणाऱ्या निवडा. दिवे, झेंडे, कुंड्या, फलक, बाक यांवर प्रश्न काढू नका. आठवड्याभरात एक दिवा बदलला, फलक रंगवला, की उत्तरपत्रिका चुकीची ठरते. खेळाच्या दोन दिवस आधी आखणाऱ्यांपैकी कोणीतरी नसलेल्या माणसाला सगळे प्रश्न हातात देऊन फेरी मारायला सांगा. तो जिथे अडखळेल तिथे मुलंही अडखळणार.

मोजमाप

एखाद-दोन प्रश्न मोजमापाचे ठेवा. आदल्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर २० मीटर आखून प्रत्येकाने तीनदा चालावं, पावलं मोजावीत, सरासरी काढावी. २० मीटरला ३२ पावलं पडली तर पाऊल साधारण ६२ सेंटीमीटरचं. दरवाज्याची रुंदी, कट्ट्याची लांबी पावलांनी मोजता येते. उत्तरात १० टक्के इकडेतिकडे चालवून घ्या.

उंचीला सावलीची रीत. एक मीटरची काठी उभी धरा, तिची सावली मोजा, मग त्याच वेळी खांबाची सावली मोजा. काठीची सावली १.६ मीटर आणि खांबाची १४.४ मीटर असेल तर खांब ९ मीटर उंच. हे होम मैदानावरच्या खांबावर करा, किल्ल्याच्या बुरुजावर नको. बुरुजाची सावली खंदकात किंवा उतारावर पडते आणि हिशेब पार चुकतो. शिवाय सावली मोजायला मुलं खंदकाच्या काठावर जातात, ते तर मुळीच नको. ढगाळ हवेसाठी एक पर्यायी प्रश्न पाकिटात असू द्या.

गुण

बघण्याच्या आणि मोजण्याच्या प्रश्नाला ५, कारण देण्याच्या प्रश्नाला १०. आधी पोचण्याला गुण नाहीत, शून्य. वेगाला गुण ठेवले की मुलं धावतात आणि चौकात धावणारं मूल वाहनाखाली यायला क्षण पुरतो. धावताना दिसल्यास गटाचे ५ गुण वजा, हा नियम सुरुवातीलाच मोठ्याने सांगा आणि खरंच पाळा.

बरोबर-चूक असं काही नसलेला एक प्रश्न जरूर ठेवा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, मे १८१८ मध्ये, इंग्रजांच्या जनरल मन्रोच्या फौजेने सोलापूरचा किल्ला घेतला. "तुम्ही मन्रो असता तर तोफा कोणत्या बाजूला लावल्या असत्या? तीन कारणं." वाजवी वाटणाऱ्या प्रत्येक कारणाला ३ गुण, आणि नकाशावर जागा दाखवली तर आणखी १. दोन परीक्षकांनी वेगवेगळे गुण देऊन सरासरी घ्या, म्हणजे नंतर तक्रार येत नाही.

पिशवीत काय

प्रत्येक गटाला क्लिप असलेला पॅड, पेन्सिली (पेनाची शाई घामाने पसरते), खोडरबर, ३ मीटरची टेप, काठी, भागाचा हाताने काढलेला नकाशा आणि सीलबंद जाड कागदी पाकीट. त्या पाकिटात गटाचा एकमेव मोबाइल असतो. अडचणीच्या वेळी पाकीट फाडायचं. विनाकारण फाडलं तर १० गुण वजा. प्रत्येक मुलाकडे एक लिटर पाणी आणि टोपी. बरोबरच्या मोठ्या माणसाकडे ओआरएस, पट्ट्या, सगळ्यांचे फोन नंबर. खाणं शेवटी एकत्र: कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. मधल्या ठिकाणी खाऊ दिला तर तक्ता तिथेच मोडतो.

दुसरी फेरी: पूर्व भाग आणि कोटणीस स्मारक

पहिली फेरी नीट झाली तर दुसऱ्या सत्रात गाडीने जाण्याची फेरी करा. भैय्या चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. जन्म १९१०, सोलापूर. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. १९४२ मध्ये तिथेच वारले. संग्रहालय असलं की एक प्रश्न कुठेही चालतो: "इथे मांडलेल्या वस्तूंमधली सर्वांत जुनी आणि सर्वांत अलीकडची तारीख शोधा." दोन तारखांच्या नादात मुलं प्रत्येक पाटी वाचून काढतात.

पूर्व भागातला यंत्रमाग कारखाना मात्र आधी ओळख काढल्याशिवाय करू नका. मालकांना साप्ताहिक सुट्टीचा दिवस विचारा. माग बंद असताना जाण्यात काही हशील नाही. आत आवाज इतका असतो की बोललेलं ऐकूच येत नाही, म्हणून सूचना बाहेर द्यायच्या आणि प्रश्न कागदावर. ओढण्या खोचलेल्या, वेण्या बांधलेल्या, मागापासून दोन हात अंतर, एका वेळी सहाच मुलं. धोट्याच्या (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या तुकड्याच्या) रेषेत, म्हणजे मागाच्या दोन्ही टोकांना, कोणी उभं राहायचं नाही. धोटा क्वचित उडतो, पण उडाला तर जोरात लागतो.

इथला प्रश्न: "चादरीवरचा मोर छापलेला आहे की विणलेला? कशावरून?" उत्तर चादर उलटून मिळतं. मागच्या बाजूला तोच मोर असतो, रंगांची अदलाबदल झालेली. वर नजर टाकली तर जॅकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरताना दिसते. भोक असेल तिथला ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि मधून बाण्याचा (आडवा) धागा जातो. एका पुठ्ठ्यावर आडवा एकच धागा. मुलांना पाच पुठ्ठे सरकेपर्यंत कापड किती वाढलं ते बघायला सांगा, म्हणजे एका चादरीला केवढी लांब माळ लागते याचा अंदाज त्यांना स्वतःच येतो. आता काही ठिकाणी पुठ्ठ्यांच्या जागी संगणकावरचं जॅकार्ड आलं आहे. आधी जाऊन खात्री करा आणि प्रश्न तसा बदला.

शाळेत परतल्यावर

त्याच दिवशी निकाल लावू नका, मुलं दमलेली असतात. दुसऱ्या दिवशी दोन तासिका घ्या. फळ्यावर शहराचा मोठा नकाशा लावा, प्रत्येक गटाची चित्रं आणि उत्तरं जागच्या जागी टाचा. ज्या प्रश्नावर गटांचं एकमत नाही तोच आधी घ्या. खांब मोजण्यातला फरक, दोन आजोबांच्या सांगण्यातला फरक, यावर अर्धा तास सहज जातो आणि तो अर्धा तास सोन्याचा आहे. मग त्याच नकाशावर बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस, नवी वेस शोधायला लावा. जुनं गाव कुठवर होतं याचा अंदाज बांधता येतो. चार ठिपक्यांत पूर्ण तट मिळत नाही, म्हणून उरलेली बाजू मुलांना तुटक रेषेने काढू द्या.

उत्तरपत्रिका, नकाशे आणि अडलेल्या प्रश्नांची यादी एका फाइलमध्ये ठेवा. पुढच्या वर्षी निम्मे तरी प्रश्न बदला, कारण नववीची मुलं आठवीच्या मुलांना खांबांची संख्या सांगून मोकळी झालेली असतात. तलाव आणि किल्ल्याचा प्रश्न तेवढा तसाच राहू द्या. उत्तर आधी कळलं तरी त्याची दोन कारणं काठावर जाऊनच शोधावी लागतात.